लंकाबाईचं न वाकणारं बोट

काष्टीला बाजाराच्या दिवशी लंकाबाईच्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांपेक्षा पायांची गर्दी जास्त. जनावरांच्या बाजारातून शेण-चिखल तुडवत आलेला गडी जाता जाता पाय पुढं करायचा, "लंकाबाई, मार की जराशी धार!" ती फवारा रुंद करून लांबूनच त्याचे पाय धुऊन द्यायची. बदल्यात त्यानं गावातली एखादी ताजी भानगड सांगायची, एवढाच तिचा दर.

बाई मूळची पाथर्डीकडची. नवरा अंगदबरोबर तिनं वर्षानुवर्षं ऊस तोडला. टोळीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. या कोयत्यात काम कोण करतं आणि बिडी कोण ओढतं, हे मुकादमालाही ठाऊक होतं. फडात हात कापला तर हळद दाबायची, चिंधी गुंडाळायची आणि पुढची मोळी बांधायची. एकजण थांबला की अख्खा कोयता थांबतो. सेंटर टाकलं, फडावरचं पालातलं राहणं सुटलं, पण ही खोड काही सुटली नाही.

त्या दिवशी शामकांत सरांची गाडी आली. सर निवृत्त मास्तर. गाडीवर जीव असा की ओल्या छत्रीलाही आत जागा नाही. त्यांच्या बायकोनं म्हणे एकदा विचारलं होतं, "मी भिजले तर डिकीत बसू का?"

"रंगाला जपा हं, लंकाबाई."

"जावयासारखी न्हाऊ घालते सर. बसा निवांत."

आणि खरंच, पाण्याची प्रेशर गन पत्र्यापासून हातभर लांब, टायरवर जवळून धार नाही; गाडीला ती फुलासारखी जपत होती. फक्त चाकावरच्या पोकळीत उसाच्या रस्त्याचा चिखल सिमेंटसारखा बसला होता. तिनं नोझल फिरवून धार सुईसारखी केली, चिखल पाडला, गाडीभर फेस चढवला. मग गाळानं भरलेला डावा हात धुवायला, सवयीनं, तळवा गनसमोर धरला.

धार बारीकच राहिली होती.

टोचल्यासारखं झालं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी मोहरीएवढं भोक, रक्त थेंबभर. तिनं हळद लावली, चिंधी बांधली आणि पुन्हा गन उचलली. तोवर बोट टम्म फुगून पांढरं पडलं होतं.

"लंके, बोट बघ कसं झालंय," बाजेवरून अंगद म्हणाला.

"कोयता लागला तवा दवाखाना दावला न्हाई. आता पानी टोचलं म्हनून जाऊ? लोक हसतील. बिडी वढा गप."

अंगद उठला. आता, अंगद आपण होऊन उठला हीच मुळात गावाला सांगण्यासारखी बातमी. त्यानं मोटर बंद केली आणि म्हणाला, "सर, तुमच्या सूनबाईला फोन लावा."

सरांची सून निवेदिता नगरला डॉक्टर. सरांनी काय झालं ते सांगून फोन स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "बाबा, भोक बारीक दिसतं, पण जोरानं घुसलेलं पाणी आतून सगळं फाडत जातं. त्यात साबण, घाण. हळद नको, चोळू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. हात उंच धरून आत्ताच्या आत्ता इकडे आणा. उशीर झाला तर बोट जाईल, कदाचित हातही."

लंकाबाईचं तोंड उतरलं. हात गेला तर सेंटर बुडालं. आणि फडावर परत जावं, तर अर्ध्या कोयत्याला आगाऊ पैशाची उचल कोण देतो? तरी गाडीच्या दाराशी ती थबकली. लुगडं निथळत होतं.

"सर, शीटं भिजतील."

"बसा म्हणतो ना!" सर वर्गात ओरडायचे तसे ओरडले.

फेसानं माखलेली गाडी नगरच्या रस्त्याला लागली. लोक वळून हसत होते, वायपर साबण फासत होते, सर मान बाहेर काढून चालवत होते. मागं अंगदनं तिचा हात उंच धरला होता.

"अवं, चहा तरी पाजा."

"न्हाई."

"बोट गार पडलंय. माझं न्हाईच असं वाटाय लागलंय."

अंगदनं तिचा हात आणखी वर केला. उसाच्या ट्रॉल्या रस्ता सोडत नव्हत्या. सर हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

दवाखान्यात नेल्या नेल्या तळवा उघडला, आतली घाण धुऊन काढली. हात वाचला, बोटही वाचलं. फक्त ते आता वाकत नाही. सरांच्या बॉनेटवर मात्र साबणाचे ओघळ कायमचे उमटलेत. कुणी विचारलंच, तर सर लंकाबाईची सगळी हकीकत सांगतात, आणि दर खेपेला रस्ता थोडा लांबवतात.

परवाच्या बाजारात एका पाहुण्यानं सवयीनं पाय पुढं केला. "लंकाबाई, मार की धार."

तिनं गन खाली टेकवली आणि कोपऱ्यातल्या बादली-मगाकडं ते ताठ बोट दाखवलं.

"पाय तुमचे हायेत न्हवं, पाव्हनं? मग तुमीच धुवा. आन् धुता धुता सांगा, बाजारात त्या खिल्लारी बैलाचं काय झालं?"