तेलाच्या जाहिरातीतली मी

माझा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला, एका रिक्षाच्या पाठीवर. धावण्याच्या राज्य स्पर्धेत पहिली आले त्या दिवसाचा. छातीला फीत लागलेली, डोळे मिटलेले, तोंड वेडंवाकडं. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'या तेलाने माझा गुडघा बरा झाला.'

ते तेल मी आयुष्यात हुंगलंही नव्हतं. आणि गुडघा बरा झाला असता, तर मी अंबडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कशाला बसले असते? त्या गुडघ्यानेच माझं पळणं संपवलं होतं. आता पूर्ण पाळी उभं राहून पार्ट तपासायचे, हे माझं काम. बसून करायचं काम द्यावं असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तेव्हा पॅकिंगच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होणार होती. मला ती हवी होती. दुसरं काही नको होतं.

सुपरवायझर माणूस वाईट नाही, पण चिठ्ठी वाचून तो हसलाच. "ताई, तुमचा गुडघा बरा झालाय हे अख्ख्या नाशिकला माहितीये. माझी सासूपण तेच तेल लावते."

खुर्ची दुसरीला मिळाली. लाईनवरच्या बायका माझ्याकडे फुकट बाटल्या मागायला लागल्या, इंदिरानगरच्या मावशीने अभिनंदनाचा फोन केला. संतापाने माझं डोकं फिरायची वेळ आली. माझ्या बाजूने चिडली फक्त आई. ती मखमलाबादला मेथी-कोथिंबीर पिकवते. म्हणाली, "आपल्या वावरातली एक जुडी उचलायची तरी माणूस इचारतं. ह्यांनी तुझं तोंड उचललं?"

मग वकीलबाईंकडे गेले. त्या तरुण होत्या, सरळ बोलल्या. नामांकित खेळाडूचा फोटो असा वापरला, तर कोर्ट लगेच मनाई करतं, कारण त्याच्या चेहऱ्याला बाजारात किंमत असते. "तुमच्या चेहऱ्यामुळे तेल खपलं, हे आपल्याला दाखवावं लागेल," त्या म्हणाल्या. म्हणजे चोरी सिद्ध करायला आधी मी प्रसिद्ध असायला हवं होतं. तरी त्यांनी नोटीस पाठवली. निदान ते वाक्य तुमच्या तोंडी खोटं घातलंय, यावर आपण भांडू, असं म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

नोटिशीला उत्तर आलं नाही, पण जाहिरात बदलली. द्वारका चौकात नवा बोर्ड लागला तेव्हा मी आईला घेऊन बघायला गेले. धड माझंच होतं, छातीवरची फीत माझी, मुठी माझ्या. चेहरा मात्र एका गोऱ्यापान, हसऱ्या मुलीचा. गुडघा बरा झाल्याचं आता ती सांगत होती. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, तो चेहरा कॉम्प्युटरने बनवलेला असणार. बाकीचं शरीर तुमचं आहे, हे कोर्टात कोण ओळखणार?

आई बराच वेळ वर बघत होती. "पळताना डावा खांदा पाडती ती तूच," ती म्हणाली. "म्या लांबून वळखीन." मला भर रस्त्यात रडू आलं. माझ्या आयुष्यातला एकच चांगला दिवस होता तो, आणि आता त्यातून मलाच काढून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी पुन्हा सुपरवायझरसमोर उभी राहिले. त्या जाहिरातीत आता मी नाही, हे त्याला सांगितलं.

"हो, बघितलं की. ती कोणी दुसरीच पोरगी निघाली," तो म्हणाला. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मग ताई, तुम्ही कधी पळालाच नाहीत, तर गुडघा कशाने दुखतो?"