यार्मिलाने दाबून ठेवलेला निरोप

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी यार्मिलाने बारा श्निट्झेल तळले. खाणारी माणसं दोनच, त्यातल्या एकाला आता एकसुद्धा पुरा जात नव्हता, तरी बारा. डुकराच्या मांसाचे काप ठोकून पातळ करायचे, अंड्यात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवायचे, हे हात आपोआप करत होते. मनात एकच घोळत होतं. आज सांगायचं. पुढच्या महिन्यात ओताकारचा मुलगा त्याला लांबच्या शहरात वृद्धाश्रमात ठेवणार होता. म्हणजे हा त्यांचा शेवटचा ऑक्टोबर. बत्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आज बाहेर आली नाही, तर ती यार्मिलाबरोबरच मातीत जाणार होती.

यार्मिला स्क्लेनीत्सेच्या काच कारखान्यात अठराव्या वर्षी लागली. तिथे कामाला टोळी लागायची, पाच जणांची. त्यांच्या टोळीत म्हातारा वेन्डेलिन मुकादम, हिनेक भट्टीतून वितळलेली काच नळीच्या टोकावर घ्यायचा, ओताकार ती फुंकून पेला करायचा, स्लावेक दांडा लावायचा आणि यार्मिला तो लालबुंद पेला चिमट्यात धरून काच निववायच्या भट्टीकडे धावायची. तेरा वर्षांत तिच्या हातून चारच पेले फुटले. टोळीचा जीव म्हणजे ओताकार. बाकीच्यांच्या जागी दुसरा कोणीही चालला असता. फुंकणारा गेला की मात्र टोळी मोडायची आणि उरलेल्यांना जिथे जागा असेल तिथे फेकून द्यायचे, नाहीतर घरी बसवायचे.

एक्याण्णव साली भट्टी नव्याने बांधायला म्हणून विझवली. नऊ दिवसांची सुट्टी मिळाली. कम्युनिस्ट राजवट पडून सीमा उघडल्याला दोनच वर्षं झाली होती आणि पाचातल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता. स्लावेकने भावाची जुनी व्हॅन आणली आणि पाचही जण निघाले. ऑस्ट्रिया, आल्प्स, इटली, आणि आल्या वाटेने परत. भट्टी पुन्हा पेटली, पण दोनच वर्षांत कारखाना कायमचा बंद झाला. ओताकार अंड्यांच्या गोदामात लागला. अंडी दिव्यासमोर धरून निवडायची. ते काम त्याने एकवीस वर्षं केलं.

त्या सहलीपासून दर वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ते पाच जण गावाबाहेरच्या चढावर जमायचे, त्या वेळी नेले होते तेच श्निट्झेल आणि बटाट्याची कोशिंबीर घेऊन, आणि ती सहल पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पुन्हा सांगायचे. क्रम चुकायचा नाही, काही गाळायचं नाही. जो गाळेल त्याने बिअर पाजायची. प्रत्येकाच्या वाट्याला आपापला दिवस होता. मग आधी वेन्डेलिन गेला, मग हिनेक, आणि गेल्या वर्षी स्लावेक. त्यांचे दिवस या दोघांत वाटले गेले.

यार्मिलाने फादरकडे पापाची कबुली दिली होती, फार पूर्वीच. गावात चर्चला जाणारे मोजके, पण ती जायची. फादर म्हणाले होते, “देवाने क्षमा केली असं समज. पण ज्याचं होतं, त्याला सांग.” तिने मान हलवली आणि सांगितलं नाही. वेन्डेलिन जिवंत आहे तोवर नको, ओताकारची बायको आजारी आहे तोवर नको, असं करत वर्षं निघून गेली.

दुपारी ती गाडी घेऊन ओताकारकडे गेली. तो दाराशी कोट घालून बसला होता. दम लागत होता, पण तोंड चालूच.

“काय गं, इतका उशीर? वाटेत फादरने धरलं का?”

“तुझ्यासाठी प्रार्थना करत होते ते. वेळ लागतो, यादी मोठी आहे तुझी.”

“त्यांना सांग, वरून सुरुवात करू नका. शेवटून करा, शेवटची पापं हल्लीची आहेत, आठवतात तरी.”

चढावर पोचायला पाच मिनिटं लागली. लाकडी बाकावर तिने त्याच्या पायांवर घोंगडी टाकली, डबे उघडले. बर्चची पानं सगळी पिवळी झाली होती. ओताकारने एक घास खाल्ला.

“मीठ कमी आहे.”

“डॉक्टरने सांगितलंय.”

“डॉक्टरने मला सांगितलंय, डुकराला नाही. चल, सुरू कर. पहिला दिवस.”

पहिला दिवस स्लावेकचा, तो आता ती सांगायची. सीमेवर स्लावेकने व्हॅन थांबवली, पाचही जण खाली उतरले आणि सैनिक कुठे दिसतात का ते पाहत उभे राहिले. कोणीच नव्हतं. हिनेक सीमेच्या दगडावरून इकडून तिकडे सहा वेळा उड्या मारून आला.

“सात,” ओताकार म्हणाला.

“सहा. सातव्या वेळी पडला.”

दुसरा दिवस ओताकारने सांगितला. घाटात बर्फ लागला, इंजिन उकळलं आणि पाणी नव्हतं म्हणून यार्मिलाच्या थर्मासमधला चहा त्यात ओतला. “साखरेचा चहा. पुढचे दोनशे किलोमीटर व्हॅनला केकचा वास,” असं तो दर वर्षी म्हणायचा, आजही म्हणाला आणि हसता हसता खोकला. तिसऱ्या दिवशी समुद्र. वेन्डेलिन विजार गुडघ्यापर्यंत वर करून, डोक्यावर टोपी तशीच ठेवून पाण्यात उभा राहिला आणि काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत समुद्र भरून घेतला.

मग चौथा दिवस. व्हेनिसजवळचं काच करणाऱ्यांचं बेट. हा दिवस पहिल्यापासून यार्मिलाचा होता, कारण तिची आजी जर्मन होती आणि तिथल्या एका छोट्या कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाला जर्मन येत होतं. बोलणं दोघांमध्येच झालं होतं.

“आपण कारखान्यात शिरलो,” तिने सुरुवात केली. “हिनेक म्हणाला, आमचा ओता याहून पातळ करतो. मी ते मालकाला सांगितलं. त्याने नळी तुझ्या हातात दिली.”

“त्यांची नळी आखूड होती.”

“तू पेला केलास. अख्खा कारखाना काम थांबवून बघत राहिला. मग मालक मला बाजूला घेऊन बोलला. तू विचारलंस, काय म्हणतोय म्हातारा.”

“आणि तू म्हणालीस, तो म्हणतोय हात चांगला आहे, कोणाकडे शिकलात.” ओताकारने काकडी उचलली. “पुढे.”

“तो तसं म्हणाला नव्हता, ओता.”

त्याने काकडी खाल्ली. तिला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

“तो म्हणाला, या माणसाला विचार, माझ्याकडे येईल का. माझा मुलगा काचेत आला नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, बायकोमुलाला घेऊन येऊ दे, वसंतापर्यंत वाट बघतो. त्याने पत्ता लिहून दिला होता. तो मी बोटीत बसल्यावर पाण्यात टाकला.”

खालच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. ओताकार तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

“का?”

“तू गेला असतास तर टोळी मोडली असती. वेन्डेलिनला पेन्शनला दोन वर्षं होती. माझी मुलं लहान होती, नवरा पीत होता. मला वाटलं, परत गेल्यावर सांगेन. मग भट्टी पेटली. मग वाटलं, पुढच्या वर्षी. मग कारखाना बंद झाला, तेव्हा कोणत्या तोंडाने सांगणार होते?”

“बाकी तिघांना माहीत होतं?”

“नाही. मी एकटीच. मला माफ कर, असंही म्हणवत नाही.”

ओरडेल, निदान शिवी तरी देईल, अशी तिची अपेक्षा होती. ओताकारने घोंगडी नीट केली.

“पाचवा दिवस सांग,” तो म्हणाला.

“ओता, राहू दे.”

“गाळायचं नाही. पाचवा दिवस.”

तिने सांगितला. दिवसभर पाऊस, व्हॅनचा वायपर मोडला, स्लावेकने काचेवर कापलेला बटाटा घासला आणि सगळे घसा बसेपर्यंत गात होते.

“मी तुझ्या शेजारी होतो.”

“हो.”

“तुला तेव्हा माहीत होतं.”

“हो.”

“सहावा.”

सहाव्या दिवशी ऑस्ट्रियात एका शेतकऱ्याच्या अंगणात नवी वाइन प्यायले. अ‍ॅकॉर्डियन वाजत होतं. ओताकारने वेन्डेलिनबरोबर नाच केला, मग तिच्याबरोबर.

“तेव्हाही.”

“हो.”

दर उत्तराबरोबर आपण त्या दिवसाला हात लावतो आहोत आणि तो काळा पडतो आहे, हे यार्मिलाला दिसत होतं. पण थांबताही येत नव्हतं. त्या माणसाच्या आयुष्यात एकच आठवडा असा होता, की जो आठवला की त्याचा दम लागणं कमी व्हायचं. तेवढा त्याच्याजवळ उरला होता.

सातवा दिवस ओताकारचा होता, नेहमीच. परत येताना याच चढावर त्यांनी व्हॅन थांबवली होती. खाली कारखान्याची चिमणी धुराविना उभी होती. वेन्डेलिनने टोपी काढली. आणि ओताकार म्हणाला होता, “चला बाबांनो, आपलं तेच घर. आपल्याला दुसरीकडे कोण विचारतंय.” त्यावर सगळे हसले होते. ती सहल त्या वाक्याने संपायची आणि गेली बत्तीस वर्षं तो ते हसत हसत म्हणत आला होता. गोदामातून निवृत्त झाला तेव्हाही तो तेच म्हणाला होता. बायकोच्या अंत्यविधीनंतर, लग्नाआधी तिला एका कारकुनानेही मागणी घातली होती हा विषय निघाला, तेव्हाही आपल्याला मात्र दुसरं कोणी विचारलं नसतं अशा अर्थाने तो तेच म्हणाला होता.

यार्मिला वाट बघत राहिली. ओताकारने तोंड उघडलं, मिटलं.

“थंडी वाजतेय,” तो म्हणाला. “घरी जाऊ.”

तिने डबे आवरले. दहा श्निट्झेल तसेच उरले होते. त्याच्या इमारतीच्या जिन्यात तो नेहमी तिचा हात धरायचा, दर सहा पायऱ्यांना थांबायचा आणि तिच्या वयावरून टोमणा मारायचा. आज त्याने कठडा धरला. तीन ठिकाणी थांबला, तिच्याकडे न बघता. दाराशी किल्ली लावून झाल्यावर वळला.

“मी किती वेळा म्हणालो असेन ते?”

कोणतं, हे विचारायची गरज नव्हती.

“दर वर्षी,” ती म्हणाली.

“आणि तू दर वर्षी ऐकून घेतलंस.” तो आत गेला. दार त्याने आपटलं नाही, हळूच लोटून घेतलं.

नोव्हेंबरच्या चार तारखेला मुलगा येऊन त्याला घेऊन गेला. यार्मिलाला हे दुकानातल्या बाईकडून कळलं. तिने वृद्धाश्रमाला दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसरं न उघडता परत आलं, पाकिटावर त्याच्याच वाकड्या अक्षरात तिचा पत्ता होता.

त्याच आठवड्यात ती वेन्डेलिनच्या थडग्यावरची पानं झाडत होती, तेव्हा फादर तिकडून आले. त्यांनी विचारलं, सांगितलं का. ती म्हणाली, सांगितलं.

“मग आता हलकं वाटत असेल.”

“नाही, फादर. मी माझं ओझं उतरवलं आणि त्याच्याजवळ जे होतं तेही घेऊन आले.”

फादर वाकले आणि पायाशी पडलेली दोन पानं उचलून त्यांनी तिच्या ढिगावर टाकली. मग ते चर्चकडे गेले आणि यार्मिलाने हिनेकच्या थडग्यावरची पानं झाडायला घेतली.