शिवीला एक मूठ शेंगा

माझी नात पुण्याला असते. तिच्या मोबाइलवर कसला तरी लढाईचा खेळ चालतो. चार जणांची टोळी, त्यातले तिघं कुठले कोण, एकाचंही तोंड तिनं पाहिलेलं नाही. मागच्या सुट्टीत त्यातला एक जण खेळता खेळता तिला काहीबाही बोलला. तिनं बोटानं कुठंतरी दाबलं आणि म्हणाली, "बास, आजी. म्यूट केलं त्याला." मला इतकं हसू आलं की बशीतला चहा लुगड्यावर सांडला. आमच्या वेळीही भिडू शिव्या द्यायचाच. फक्त म्यूट त्याला केलेलं नव्हतं, मला केलेलं होतं. तेही लग्नातच.

भिडू म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. पाथरी आणि मानवतच्या मधलं आमचं गाव, बेताची शेती, दोन बैल, एक म्हैस. मामा एरवी फार मऊ माणूस. बैलांना पाणी दाखवल्याशिवाय स्वतः घोटभर प्यायचे नाहीत. पण हातात तेरा पानं आली की त्यांच्या जिभेचं काही खरं नसायचं, आणि सगळी आग समोर बसलेल्या भिडूवर. प्रतिस्पर्ध्याला एक शब्द नाही. मारुतीच्या पारावर त्यांचा रोज दुपारी मेंढीकोटाचा डाव असायचा. तिथं त्यांनी एका भिडूला बैताड म्हटलं, दुसऱ्याला हेल्या म्हटलं, आणि तिसऱ्यानं चुकीचं पान टाकलं तेव्हा त्याच्या मेलेल्या बापानं कधीकाळी पेरणीत घातलेला घोळ काढला. त्या दिवसापासून पारावर मामांना कुणी जागा देईना.

हे झालं ऐन उन्हाळ्यात. शेतात काम नाही, पारावर जागा नाही, म्हणजे मामा दिवसभर घरात. आत्याबाई चाळीस वर्षं कुरडया घालत होत्या. आता कुरडईचा चीक किती घट्ट हवा हे मामा त्यांना शिकवू लागले. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी हात धुतले, कोनाड्यातली पानं आणून सतरंजीवर आपटली आणि म्हणाल्या, "बसा. घरातच खेळा. पर माझ्या चुलीपाशी येऊ नका."

माझे मिस्टर मानवतच्या शाळेत मास्तर. त्यांना मे महिन्याची सुट्टी होती. मामा, आत्याबाई, मिस्टर आणि मी, असे मोजून चौघं. प्रश्न एवढाच, मामांचा भिडू कोण? आत्याबाईंनी आधीच हात झटकले. "संसारात तीस-चाळीस वर्षं तुमची भिडू हाय. पत्त्यात आनखी नको." मग मिस्टर बसले. तिसऱ्याच डावाला मामा त्यांना म्हणाले, "तुला मास्तर कोन केलं रे? पोरायचं वाटोळं हुईल." मिस्टरांनी पानं खाली ठेवली, चप्पल घातली आणि काही कारण नसताना एस्टीनं मानवतला जाऊन केस कापून आले. दुसऱ्या दिवशी ते आत्याबाईंच्या समोर जाऊन बसले. मामांच्या समोरची जागा रिकामी. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

खरं सांगते, मला शिव्यांची भीती नव्हती. माझ्या वडलांचं देवगाव फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. एस्टीची वाट बघणारे, ट्रकचे ड्रायव्हर, सगळे तिथं बाकड्यावर पत्ते कुटायचे. शिव्या मी बाराखडीच्या आधी ऐकल्या होत्या, आणि दहाव्या वर्षी पडलेली पानं मनात मोजायला शिकले होते. मला भीती होती उठवलं जाण्याची. लग्नाला वर्ष झालं होतं. वर्षभर मी खालच्या आवाजात बोलत होते आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. फाट्यावरची बडबडी पोर मी, वर्षात माझा आवाज मलाच ओळखू येईना. आता दुपारचा दीड तास मांडी घालून बसायला मिळणार होतं, आणि माझ्या डोक्यात काय चाललंय यावर काहीतरी ठरणार होतं. मामा एकदा जरी म्हणाले, "हिला जमत न्हाई," की संपलं. परत चूल. तेव्हा काहीही ऐकून घ्यायचं, पण जागा सोडायची नाही, असं मी ठरवलं.

मेंढीकोट ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते: समोरासमोरचे दोघं भिडू, आणि चार रंगांच्या चार दश्श्या आपल्याकडं ओढायच्या. चारही मिळाल्या तर दुसऱ्या जोडीवर कोट चढला, आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांना तोंड दाखवायची सोय नाही.

आता अडचण बघा. भिडूनं भिडूच्या समोर बसायचं हा पत्त्यांचा नियम. सुनेनं सासऱ्याच्या समोर बसायचं नाही, बोलायचं नाही, हा घरचा नियम. मधला मार्ग म्हणून मी पदर नाकापर्यंत ओढून बसले. मला माझी पानं आणि मामांच्या पायाचे अंगठे, एवढंच दिसत होतं. पदराच्या अंधारात बदाम आणि चौकट सारखेच लाल. पहिल्याच हाताला मी बदामाच्या जागी चौकट टाकली.

मामांचा जीव कासावीस झाला. पण सुनेला थेट बोलता येत नाही. ते आत्याबाईंकडं वळले.

"तिला म्हणावं, अक्कल फाट्यावरच इसरून आली का?"

आत्याबाई माझ्यापासून हातभर अंतरावर. तरी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मामा म्हणायलेत, अक्कल फाट्यावरच इसरून आलीस का?"

मी खाली मान घालून म्हणाले, "न्हाई म्हणावं."

"न्हाई म्हणायली."

"मंग घरात कुठं ठिवली ते हुडकून आण म्हणावं."

"हुडकून आण म्हणायलेत."

मिस्टरांनी तेरा पानांचा पंखा करून त्यात तोंड खुपसलं. माझा पदर गदगदा हलत होता. मामांना वाटलं सून रडायली. ते एकदम घाबरले आणि आत्याबाईंना म्हणाले, "तिला म्हणावं, एवढं काय न्हाई." तेही आत्याबाईंनी पोचवलं.

चार दिवस हे असं चाललं. आत्याबाईंना रंग चढत गेला. मामा म्हणायचे, "बिनडोक म्हणावं," आणि आत्याबाई मला सांगायच्या, "छान खेळलीस म्हणायलेत." मी काही बोलले नाही तरी त्या मामांना माझी उत्तरं द्यायच्या, "ती म्हणायली तुमचंच पान चुकलं." मी पदराच्या आत हसून मरत होते, मिस्टर बाहेर मरत होते. पाचव्या दिवशी मामांनी एका दमात सात शिव्या सांगितल्या. तेव्हा आत्याबाईंनी पानं पालथी ठेवली.

"माझं तोंड म्हंजी काय टपालपेटी हाय? फुकट पोचवनार न्हाई. एका शिवीला एक मूठ शेंगा फोडायच्या. आधी शेंगा, मंग शिवी."

कोपऱ्यात भुईमुगाच्या बियाण्याचं पोतं होतं. बियाणं हातानंच फोडावं लागतं, नाहीतर दाणा दुभंगतो आणि उगवत नाही. दर साली आत्याबाईंचे अंगठे त्यात जायचे. मामांनी पोत्याकडं पाहिलं, हातातल्या पानांकडं पाहिलं. डाव रंगात होता. "मूठ कोनाची?" एवढंच त्यांनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "माझी." त्यांची मूठ लहान, म्हणून मामा राजी झाले.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात जे चाललं त्याची आठवण आली तरी मला आजही एकटीला हसू फुटतं. मामा वाद घालू लागले, कशाला शिवी म्हणायचं आणि कशाला नाही. एकदा त्यांनी "म्हैस!" म्हटलं. आत्याबाईंनी टोपली पुढं सरकवली. मामा म्हणाले, "मी गोठ्यातल्या म्हशीला बोलायलो." आत्याबाईंनी मिस्टरांना गोठ्यात पाठवलं. ते बघून आले आणि मास्तरी आवाजात म्हणाले, "म्हैस झोपली हाय. तिनं काय बी केलं न्हाई." मामांनी मूठभर शेंगा फोडल्या. फोडता फोडता "ह्या घरात समदेच बेइमान" असं पुटपुटले, त्याची वेगळी मूठ झाली. त्यांच्या अंगठ्यांना फोड आले, हळद लावावी लागली. पोतं अर्ध्यावर आलं. आत्याबाई शेजारणीला सांगायच्या, "औंदा मला बियान्याची काळजी न्हाई, आमच्या भिडूला लय राग येतो."

आणि मग एका दुपारी मी खरंच चुकले. इस्पिकचा राजा पडून गेला होता आणि मी तो अजून कुणाच्या तरी हातात आहे असं धरून खेळले. मामांनी तोंड उघडलं. टोपलीकडं पाहिलं. हळद लावलेल्या अंगठ्याकडं पाहिलं. तोंड मिटलं. मग सरळ माझ्याकडं बघून, मधे कुणालाही न घेता, ते म्हणाले, "सूनबाई, पडलेली पानं ध्यानात ठिवायची असतेत. आन् पदर जरा वर घे. दिसंना तर खेळशील कशी?"

वर्षभरात ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "ह्याला टपाल लागत न्हाई." मी पदर कपाळापर्यंत वर घेतला. मामांचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिला, आणि तो मिस्टरांच्या चेहऱ्यासारखाच निघाला.

तिथून आमची जोडी जमली. मामा सांगायचे, मी "व्हय" म्हणायचे, आणि आम्ही डावामागून डाव जिंकायला लागलो. कोट मात्र एकदाही चढला नाही. तिसऱ्या दश्शीपर्यंत पोचायचो आणि चौथी निसटायची. आत्याबाई आणि मिस्टर त्यावरून आम्हाला सळो की पळो करून सोडायचे.

सुट्टी संपली. उद्या शाळा उघडणार, मिस्टर पहिल्या गाडीनं जाणार, म्हणजे चौथा हात गेला. शेवटचा डाव म्हणून आम्ही बसलो, आणि नेमका त्याच वेळी पारावरचा मामांचा जुना भिडू ओट्यावर येऊन टेकला. तोच, ज्याच्या बापाची पेरणी मामांनी काढली होती. म्हणाला, "चल, झालं गेलं इसरून जाऊ. एकजन लेकाकडं गेलाय, तिथं भिडू कमी हाय. हिथं बायामानसात किती दिवस बसनार?"

मामा पारावर जाणार, मी चुलीपाशी. वर्षभर पुन्हा खालच्या आवाजात.

मामा म्हणाले, "एवढा डाव होऊ दे."

आणि पानं अशी काही आली, की काय सांगू! तीन दश्श्या आमच्याकडं आल्या. चौथी, चौकटची, बाहेर पडलीच नव्हती. प्रत्येकाच्या हातात दोन दोन पानं उरली. माझ्याकडं हुकमाचा राजा आणि चौकटची एक भिकार पंजी. हुकमाचा एक्का मघाशीच पडून गेलेला, तेव्हा आता राजाच सगळ्यात मोठा. मी राजा टाकला. मिस्टरांनी फालतू पान टाकलं. आता मामा. त्यांनी विचार केला, दाढी खाजवली आणि टाकली दुसऱ्याच रंगाची अट्ठी. शेवटचं पान माझी पंजी. त्यावर मामांच्या हातून पडली चौकटची दश्शी, आणि आत्याबाईंनी त्याच रंगाची राणी टाकून ती हसत हसत उचलली.

दश्शी मामांकडंच होती! माझ्या राजावर टाकली असती तर कोट होता!

"अवो मामा!" मी ओरडले. "ध्यान काय पारावर इसरून आलाव का? हुकमाचा एक्का तुमीच टाकला की मघाशी! पडलेली पानं मोजाय येत न्हाईत आन् दुसऱ्याला शिकवायलाव? बैताडावानी!"

फाट्यावरचा आवाज होता तो. गोठ्यातली म्हैससुद्धा उठून उभी राहिली.

माझा पदर खांद्यावर आला होता. मिस्टरांचा चेहरा पांढरा. ओट्यावरचा गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणाला, "काय ही सून! आन् तू ऐकून घ्यायलास?" आता हे गावभर होणार, फाट्यावर वडलांपर्यंत जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. मला रडू यायला लागलं.

मामांनी खाली पडलेली अट्ठी उचलून नीट पाहिली. मग टोपली ओढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"एक मूठ," ते म्हणाले. "कायदा म्हंजी कायदा."

आणि ओट्याकडं वळून म्हणाले, "तू जा बाबा. माझा भिडू हिथं हाय. उद्यापास्नं आमाला चौथा लागतोय, खेळायचं असलं तर तू ये हिकडं. शेंगा फोडाय येतेत का?"

तो गृहस्थ उठून गेला. आत्याबाई कधी नव्हे ते खालच्या आवाजात म्हणाल्या, "मूठ माझी धरायची." पण मामांनी ऐकलं नाही. त्यांनी पोत्यात स्वतःचे दोन्ही पंजे घातले, ओंजळ भरून शेंगा काढल्या आणि माझ्या पुढ्यात ओतल्या. मी त्या ढिगाकडं पाहिलं. डोळे पुसले.

"मामा," मी म्हणाले, "ही मूठ न्हाई. ही लबाडी हाय."

"दोन मुठी," मामा म्हणाले, आणि पानं पिसायला घेतली.