सहावी सही

घर गरम ठेवणारा तेलाचा बॉयलर काढून गॅसचा बसवायला दोन दिवस पुरले. पहिल्या दिवशी दोघा कामगारांनी तळघरातली तेलाची टाकी रिकामी केली, कापली आणि तिचे तुकडे जिन्यावरून वर नेले. दुसऱ्या दिवशी सुटकेसएवढा नवा बॉयलर भिंतीवर टांगला, पाइप जोडले, चालू करून दाखवला आणि गेले. नवरा म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच, कारण बाकीचं मी आधीच करून ठेवलं होतं.

२००५ साली आम्ही बॉस्टनबाहेर हे घर घेतलं तेव्हा बॉयलर आमच्या दोघांपेक्षा वयाने मोठा होता. सुरू झाला की घरभर तेलाचा वास. पडद्यांना, उशांना, पोरीच्या कोटाला. पहिल्याच हिवाळ्यात ती बसमधून उतरली ती रडतच. शेजारी बसलेल्या मुलीने नाक दाबून जागा बदलली होती. "ममा, आय स्मेल लाइक अ गॅस स्टेशन," म्हणाली, अंगाला पेट्रोल पंपासारखा वास येतो म्हणे. आठ वर्षांची पोर. तिने तो कोट पुन्हा घातला नाही, बर्फात नुसत्या स्वेटरवर जायची. त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या हिवाळ्यात या घरात तेलाचा थेंब येणार नाही.

गॅसची पाइपलाइन आमच्या गल्लीच्या तोंडाशीच संपत होती. गल्लीत घरं नऊ. गॅस कंपनीने सांगितलं, तुमच्याशिवाय आणखी सहा घरांनी सह्या केल्या तर पाइप आत आणू. नवऱ्याने हात वर केले. दारोदार फिरणं आपल्याला जमणार नाही म्हणाला. मी म्हटलं, तुला नसेल जमत, माझं बालपण त्यातच गेलंय. नागपूरला आमच्या वस्तीत एप्रिलच्या जयंतीची वर्गणी काढायला बाबा मला बरोबर न्यायचे. वस्तीबाहेरच्या दुकानांतही जायचे. काही जण आम्हाला बघूनच मान फिरवायचे. बाबा म्हणायचे, दार आपण गाळायचं नाही. नाही म्हणायचं तर ते त्यांना म्हणू दे.

पाच सह्या दोन आठवड्यांत झाल्या. एका म्हाताऱ्याने तर मला तळघरात नेऊन आपली गंजलेली टाकी दाखवली आणि माझंच पेन घेऊन सही केली. उरली तीन घरं. एक रिकामं होतं. एकाने आदल्याच वर्षी तेलाचा नवा बर्नर बसवला होता, तो का सही करेल? तिसरं घर काकूंचं.

काकू पुण्याच्या, गल्लीत वीस वर्षं राहिलेल्या. आम्ही आलो त्या आठवड्यात डबाभर चिवडा घेऊन आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नक्की यायचं, असं दहादा बजावून सांगितलं. मग बोलता बोलता माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. नागपुरात कुठे, ते विचारलं. तेही सांगितलं. भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो त्यांनी तेव्हाच बघितला असावा. चहा अर्धाच टाकून उठल्या. संक्रांतीला त्यांच्या दारापासून आमच्या घरापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. पैठणी नेसलेल्या एका बाईने माझी बेल वाजवून विचारलं, तुमच्या ड्राइव्हवेत गाडी लावू का, तुम्ही पण येताय ना तिकडे? मी म्हटलं, लावा की. दार लावलं आणि सिंकपाशी उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू?

आता त्याच दारात जायचं होतं. नवरा म्हणाला, अडला हरी... मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. पाय धरायला नाही, सही मागायला चाललेय, म्हटलं.

मार्च होता, पायऱ्यांवर वितळलेल्या बर्फाचा चिखल. काकूंनी दार उघडलं आणि अगं ये ना, किती दिवसांनी, असं सुरू केलं. आत आमच्यासारखाच तेलाचा वास. मी फॉर्म दाखवला, पाइपलाइनचं समजावलं. एक शब्द जास्त बोलायचा नाही, असं स्वतःला बजावूनच गेले होते. काकू म्हणाल्या, करू की सही, परदेशात आपल्या माणसांनी आपल्या माणसांना मदत नाही करायची तर कुणी करायची?

झालं. डोक्यात सणक गेली.

"काकू, सही करा नाहीतर करू नका. पण मला आपलं माणूस म्हणू नका. माझं आडनाव कळल्यापासून तुम्ही माझी पायरी चढला नाहीत."

त्यांचा चेहरा उतरला. पेन हातात तसंच. मी फॉर्म उचलला आणि निघाले. त्यांनी थांबवलं नाही.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, सगळं मुसळ केरात. पोरीच्या कोटासाठी गेलीस आणि स्वतःच्या रागापायी परत आलीस. बोचलं, कारण खरं होतं. तरी झाल्याचा पश्चात्ताप मला नव्हता. पोरीसाठी तेवढंही ऐकून घेता येऊ नये? नाही, नव्हतं येत. दोन रात्री हेच डोक्यात. नऊ घरांतल्या त्या रिकाम्या घराचा मालक शोधायचा, असं ठरवून मी फोन नंबर काढत बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. काकू. हातात डबा नाही, चेहऱ्यावर नेहमीचं गोड हसू नाही. मी बाजूला झाले. त्या आत आल्या, फोटोसमोर क्षणभर थांबल्या, आणि डायनिंग टेबलाशी बसून फॉर्म मागितला. मी समोर ठेवला.

"येताना ठरवलं होतं," त्या म्हणाल्या, "सगळं सासूबाईंवर ढकलायचं. पण तेव्हा सासूबाई इथे नव्हत्याच. मीच होते."

असू दे हो काकू, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. आमच्याकडे ते फार लवकर येतात, माझ्या आईच्याही यायचे. मी ते गिळले. त्यांना सही करू दिली. करून त्यांनी पेन खाली ठेवलं तसं मी फॉर्मवर बोट ठेवलं.

"पुढे नावही लिहायचंय, काकू. पूर्ण. आडनावासकट."

यादीत सगळ्यात वर आमचं आडनाव होतं. शेवटच्या ओळीत त्यांनी आपलं लिहिलं, सावकाश, वाचता येईल असं.