न धुतलेला तारा

येर्मोलाय साव्विच कुनित्सिन लढाईआधी खोगिरं शिवायचा. हात मऊ, पण आवाज असा खडा की अंगणापलीकडचा घोडाही कान टवकारी. एक्केचाळीस साली तो लेफ्टनंट झाला आणि चढतच गेला. कसा? वरचा माणूस पडे, त्याची जागा याला मिळे. स्मोलेन्स्कच्या वाटेवर कंपनी मिळाली, र्झेवच्या चिखलात बटालियन. प्रत्येक बढतीखाली एक मढं होतं.

त्रेचाळीसच्या शरदात तो नीपरच्या पलीकडच्या काठावर अडकला. पाठीशी नदी, समोर जर्मन, हाताशी मूठभर माणसं. अधिकाऱ्यांपैकी उरला एकटा लेफ्टनंट प्रोखोर शुबिन, त्याच्याच हाताखाली शिपायाचा अधिकारी झालेला. कुनित्सिनने टेलिफोनवरून माघार मागितली. कर्नल म्हणाला, "तुला मेजर केलंय. टिकून राहा."

सार्जंटने मांसाच्या डब्याचा पत्रा कापून मेजरच्या खांद्यावरचा मोठा तारा बनवला.

"आता मेजरसाहेब खंदकात वाकायचे नाहीत," शुबिन म्हणाला. "पोट आड येईल."

"वाकेन रे. तारा अजून धुतलाय कुठं?"

सोबत्यांच्या साक्षीनं तारा व्होडकात बुडवायचा, पेला रिकामा करून तारा दातांत धरायचा, मगच खांद्यावर लावायचा, अशी रीत. काठावर व्होडकाचा थेंब नव्हता. कुनित्सिनला तेवढंच निमित्त हवं होतं.

"जखमींच्या होडीतून जा, प्रोशा," तो शुबिनला म्हणाला. "व्होडका घेऊन ये."

"लढाई सोडून?"

"हुकूम आहे. आणि चांगली मिळेपर्यंत परतू नकोस."

शुबिनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "साव्विच, तुम्हाला खोटं बोलणं अजिबात जमत नाही."

तरी तो गेला. सकाळचं धुकं दाट होतं. होडी मध्यावर पोचली आणि वाऱ्यानं ते धुकं पडद्यासारखं बाजूला सारलं. तोफगोळे नेमके पडले. काठावर उभ्या कुनित्सिनला आधी होडी दिसली, मग नुसतं पाणी.

दुपारी कुमक उतरली. खंदकातले बहुतेक वाचले. शुबिनच्या जागेवर तर साधी ढेकळंही पडली नव्हती.

युद्ध संपेपर्यंत कुनित्सिनच्या खांद्यावर कॅप्टनचेच चार छोटे तारे राहिले. वरिष्ठ रागावत, तो ऐकून घेई.

घरी बायकोनं, कापितोलिनानं (तो तिला कापा म्हणे), विचारलं, "मेजर झालास म्हणून कळवलं होतंस ना?"

त्यानं पत्र्याचा तारा टेबलावर ठेवला. तिनं पेला भरून पुढ्यात आणला.

त्यानं व्होडका खिडकीबाहेर ओतली आणि पेला ताऱ्यावर पालथा घातला.

"कुणाबरोबर धुऊ, कापा?"