दहा शेअरच्या मालकीणबाई

मंडळी, दुपारपासून कामात लक्षच लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आज सकाळी आमच्या कंपनीची वार्षिक सभा होती. प्रश्न विचारणाऱ्या भागधारकांपर्यंत माईक नेण्याचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या रांगेतून कांबळेबाईंनी हात वर केला. खडकीच्या निवृत्त शिक्षिका, नावावर शेअर फक्त दहा.

"अध्यक्षमहोदय, यंदा कारखान्यात एकही अपघात झाला नाही, असं अहवालात लिहिलंय. माझ्या शेजारच्या सुनंदाची दोन बोटं तुमच्याच प्रेस मशीनमध्ये गेली. ते कुठल्या पानावर आहे?"

अध्यक्ष म्हणाले, "आपण सभेनंतर बोलू."

"अहो, मी सभेसाठीच आलेय. उत्तर मिळेपर्यंत उभी राहते. शिक्षिका होते, सवय आहे."

आणि त्या खरंच उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी पुढचा ठराव वाचायला घेतला, पण कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. सगळे बाईंकडे बघत होते.

शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. "त्या कंत्राटी कामगार, म्हणून आम्ही नोंद केली नाही. ते चुकलं. अहवाल दुरुस्त करू. सुरक्षा जाळी बसेपर्यंत ते मशीन बंद राहील."

"हे इतिवृत्तात लिहून घ्या," बाई म्हणाल्या आणि मगच बसल्या.

एवढं धैर्य इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

आता खरं सांगते. अहवालाचं ते पान छपाईआधी मीच तपासलं होतं. सुनंदाताईंचं मला माहीत होतं.

तुम्ही कधी असं पान पुढे पाठवलंय का?