न जाळलेलं पाचट

त्या दिवशी बांधावर मी होते, माझी धाकटी जाऊ यमुना, तिचा ल्योक दत्ता आन् शेतीखात्याचे सायेब. यमुनाच्या उसात पाटी रोवली होती. सायबांनी सरीतलं पाचट, म्हंजी उसाचा वाळला पाला, हातानं उचललं. खाली काळी, वली माती आन् एक गांडूळ वळवळत होतं. सायेब म्हणाले, "पाचट न जाळता केलेला गावातला पयला प्रयोग!"

पयला? मी वड्यापल्याडच्या माझ्या रानाकडं बघितलं.

माझं मालक वारल्यावर पाळीनं मिळणारं पाणी माझ्या उसाला पुरायचं न्हाई. म्हणून मी पाचट सरीतच आंथरायची. जमीन वली ऱ्हायची. तवा हीच यमुना म्हणायची, "अक्का, पाचट पेटवायला काडी वढायचाबी कंटाळा व्हय?" आन् सारं रान हसायचं.

आता ती फोटूला हुबी ऱ्हायली. म्हणाली, "अक्का, या की!"

मी म्हणाले, "हात शेणाचं हाईत."

हात तर कोरडंच होतं.

एवढं सोसलं, कधी रडले न्हाई. दुसरीला शाबासकी मिळाली, तवा मातर डोळं भरलं. माणसाचं असंच आसतंय बघा.

हे वाचणाऱ्यानं त्या सायबाला सांगावं, वड्यापल्याड माझं रान हाय. एकदा माती बघून जावा.